संदर्भ हवा

सरिताच्या वाक्यापुढं कुणीतरी कंसात, बारीक अक्षरांत, 'संदर्भ हवा' असं लिहून ठेवलं होतं. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात अजून कुणी फिरकलं नव्हतं, नुकतीच पुसलेली फरशी वाळत होती, आणि देवघेवीच्या टेबलामागं बसलेल्या सरितानं, पोरं यायच्या आत, गेल्या तीन आठवड्यांच्या सवयीनं ऑनलाइन ज्ञानकोशातलं 'इन्स्टंट कॅमेरा' हे पान उघडलं होतं. पानावर तिनं चढवलेला फोटो होता आणि फोटोखाली तिनंच लिहिलेली ओळ: 'लहान मुलीने ताज्या छायाचित्रावर अंगठा दाबल्यामुळे अर्धे बिघडलेले इन्स्टंट छायाचित्र, बीबी का मकबरा, जानेवारी १९९२.' ओळ जशीच्या तशी होती, फक्त शेवटी ते दोन शब्द येऊन बसले होते. सरितानं ते वाचले आणि तिची कानशिलं तापली. संदर्भ? कशाचा संदर्भ? तो अंगठा तिचा होता. ती लहान मुलगी म्हणजे तीच होती. चौतीस वर्षं तिनं तो अंगठा मनात सांभाळला होता, कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा धीर करून, तेही आडून, स्वतःचं नाव न घेता, चार लोकांत कबूल केलं तर तिथंही कुणीतरी पुरावा मागत होतं. तिला रागही आला आणि थोडं हसूही आलं. गुन्हा कबूल करणाऱ्याला 'कशावरून?' असं विचारणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

हे ज्ञानकोशाचं खूळ जानेवारीतलं. मराठी भाषेच्या पंधरवड्यात कॉलेजात एक कार्यशाळा झाली, प्राचार्यांनी 'प्रत्येकाने किमान एक लेख' असं फर्मान काढलं, प्राध्यापक मंडळींनी चहा घेऊन, फोटोत उभं राहून काढता पाय घेतला, आणि हजेरीचा कागद फिरवायला बसलेली सहायक ग्रंथपाल सरिता तेवढी अडकली. इन्स्टंट कॅमेऱ्यावर तेव्हा तिथं दोनच ओळी होत्या: बटण दाबताच छापील फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा, आणि त्याचा शोध कुठल्या देशात लागला. सरितानं पुस्तकं काढून, संध्याकाळी घरी बसून त्या दोन ओळींचा चांगला दोन पानी लेख केला. तोवर सगळं सुरळीत होतं. भांडण फोटोंवरून लागलं. 'वजनकाटा' असं टोपणनाव घेतलेल्या एका संपादकाचं म्हणणं, कॅमेऱ्याच्या लेखात कॅमेरा हवा, जुना, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि त्यात कुणाचा हातसुद्धा दिसता कामा नये. कोल्हापूरच्या श्रेया नावाच्या मुलीला तिचा स्वतःचा गुलाबी कॅमेरा लावायचा होता, 'सगळं जुनंच कशाला, लोकांना आत्ताचं दिसू दे की' असं ती लेखाला जोडलेल्या चर्चापानावर दर दोन दिवसांनी लिहायची. आणि सरिता म्हणत होती की कॅमेऱ्यातून जे बाहेर पडतं तेही दिसलं पाहिजे, त्याशिवाय कॅमेरा तो काय? शेवटी जुना कॅमेरा वर गेला, गुलाबी मधे आला आणि सरिताचा फोटो वजनकाट्यानं दोनदा काढून टाकला. पहिल्या खेपेला फोटोवरच्या हक्काचा प्रश्न काढला. सरितानं बेगमपुऱ्यात जाऊन, मकबऱ्यापाशी तो फोटो काढणाऱ्या फोटोवाल्याच्या मुलाकडून परवानगीचं पत्र आणलं. दुसऱ्या खेपेला कारण दिलं: 'नमुना सदोष. आशय वैयक्तिक.' तेव्हा सरितानं हुशारी केली. सदोष आहे म्हणूनच घेतलाय, असे फोटो कसे बिघडतात ते कळावं म्हणून, असं म्हणून तिनं ती अंगठ्याची ओळ खाली टाकली. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी तिनं कुणाला सांगितली नव्हती: तिला फोटोतल्या, आता हयात नसलेल्या आत्याला कुठंतरी ठेवायचं होतं. घरं बदलतात, भिंती रंगवताना फोटो उतरवतात आणि मग ते कपाटावर राहून जातात. ज्ञानकोश तसा नसेल असं तिला वाटलं होतं.

फोटो तळहातात मावेल एवढा. पांढरी चौकट, खालची पट्टी रुंद. उजव्या बाजूला नऊ वर्षांची मुलगी, मेंदी रंगाचं स्वेटर, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी, स्वेटरचं मधलं बटण तुटलेलं, आणि हे सगळं इतकं लख्ख की तुटल्या बटणाचा लोंबता दोरासुद्धा मोजून घ्यावा. डाव्या बाजूला, साधारण मधोमध तिरपी वळणारी एक कड ओलांडली की, सगळा रंग उडून गेलेला. तिथं फिकट निळं धुकट काहीतरी, आणि त्यात एक बाई उभी आहे एवढंच कळतं. तिचा पदर कळतो, खांदा कळतो. तोंड म्हणजे निळसर डाग. ती सरिताची आत्या, पारूबाई. तशी आत्याची चित्रं कमी नव्हती. मोबाईलमधे शंभरेक असतील, चष्म्यातली, काठी घेतलेली, सरिताच्या मुलीच्या, अपेक्षाच्या, बारशात पेंगुळलेली. पण पिठाची भरली परात एका हातानं उचलणारी, चुलीपुढून उठून थेट भांडायला जाणारी, छत्तीस वर्षांची पारूबाई कुठंच नव्हती. ती फक्त या फोटोत होती आणि इथंही तिला तोंड नव्हतं. ते सरितानं पुसलं होतं.

सरिताची आई सोयगावला वारली तेव्हा सरिता नऊ वर्षांची. बापानं सहा महिन्यांत दुसरं घर केलं, आणि त्या घरात सरिता कुणाला नको होती असं नाही, पण कुणाला हवीही नव्हती. एका सकाळी आत्या एसटीनं आली, भावाशी अंगणातच दोन वाक्यं बोलली, चहासुद्धा न घेता पोरीला घेऊन निघाली. आत्याची बजाजनगरला खानावळ होती. कंपन्यांतल्या कामगारांचे साठ-पासष्ट डबे रोज, दोन चुली, मदतीला दोन बाया, आणि मुलगा शिवराज, जो तेव्हा आयटीआयला जायचा. निघताना शेजारच्या मनकर्णाबाईनं सरिताला जवळ घेऊन कानात सांगितलं होतं, "नीट ऱ्हाय गं बाई तिथं. काय मोडू-फोडू नको, नायतर परत धाडतील." बाईनं मायेनंच सांगितलं, पण नऊ वर्षांच्या पोरीनं ते वाक्य गाठ मारून नेलं. खानावळीत ती पेला दोन्ही हातांनी धरायची. आठव्या दिवशी रविवार आला, डब्यांना सुट्टी, आणि आत्या तिला आणि शिवराजला घेऊन भल्या सकाळी मकबऱ्याला गेली. तिथं तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले असत, जागच्या जागी फोटो काढून हातात देणारे. आत्यानं सरिताला शेजारी उभं केलं, खांद्यावर हात ठेवला. कॅमेऱ्यानं घर्र करून जीभ बाहेर काढावी तसा फोटो बाहेर काढला. पुढचं सरिताला तुकड्यातुकड्यानं आठवायचं. 'ऊन खा जा तिकडं' म्हणून आत्यानं तिला कोरड्या हौदाच्या काठावर पिटाळलं होतं. थोड्या वेळानं हाक आली. आत्यानं फोटो हातात दिला, "बघ, कशी आलीस." फोटो ओला असेल का म्हणून सरितानं चिमटीत घट्ट धरून अंगठा दाबला, तिच्या गारठलेल्या बोटांना काही कळतच नव्हतं, आणि अंगठा उचलला तर खाली आत्या नव्हती. निळा डाग होता.

त्या क्षणी आपल्याला सोयगावला परत धाडणार, आजच धाडणार, याची तिला खात्री पटली. तिनं फोटो परत दिला. आत्यानं पाहिला, लांब धरून पाहिला आणि हसली. "पोरगी कशी ठसठशीत आलीय," एवढंच म्हणाली. खानावळीत गेल्यावर तो फोटो पिठाच्या पिंपावरच्या खिळ्याला लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या सांगू लागली, ही माझी पोरगी. कुणी विचारलं, "अन् ह्या निळ्या बाई कोण?" तर म्हणायची, "हाय कुणीतरी." सगळे हसायचे. सरिता हसायची नाही. आपला अपराध आत्यानं पोटात घातला, असं तिनं त्या दिवशी ठरवलं आणि नंतर ते कधी पुन्हा तपासून पाहिलं नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा, ग्रंथालयाची पदवी घेतली तेव्हा, लग्नात निरोप घेताना आत्याच्या गळ्यात पडली तेव्हा, शेवटची दोन वर्षं आत्या अंथरुणाला खिळली आणि सरितानं तिला आपल्या घरी आणून तिचं सगळं केलं तेव्हाही, तो अंगठा तिथं होताच. तिच्या नवऱ्याला वाटायचं, काय ही बाई आहे, सख्ख्या आईचं कुणी इतकं करत नाही. सरिताला वाटायचं, तुम्हाला काय माहीत.

आणि आता कोण कुठला वजनकाटा विचारत होता, कशावरून. तिनं चर्चापानावर तडकाफडकी लिहिलं, 'मी स्वतः तिथे होते. तो अंगठा माझा आहे.' दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलेलं होतं. 'महोदया, स्वतःचा अनुभव हा संदर्भ नव्हे. प्रकाशित स्रोत द्यावा, अन्यथा वाक्य काढावे लागेल.' डब्यातली मेथीची भाजी तशीच राहिली. तिनं लिहिलं की अशा गोष्टींचे स्रोत प्रकाशित होत नसतात. त्यानं लिहिलं की मग अशा गोष्टी ज्ञानकोशात येत नसतात. तिनं लिहिलं की आपल्याला माणसं कळत नाहीत, फक्त नियम कळतात. हे पाठवल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ग्रंथालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्या पोरांना ती स्वतः नियमाच्या पाटीकडं बोट दाखवते, आणि पोरं तिच्याबद्दल पाठीमागं असंच म्हणत असणार. श्रेयानं मधेच येऊन 'ताई, सोडा ना, माझा दुसरा एक फोटो आहे, तो लावू' असं लिहिलं आणि वर हात जोडलेलं चिन्ह टाकलं. त्या दिवशी वजनकाट्याचं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. सरिता उगाच दर तासाला पान उघडून बघत होती आणि वाक्य अजून आहे म्हणून हायसं वाटून घेत होती.

तिसऱ्या दिवशी चर्चापानावर एक लांबलचक मजकूर येऊन पडला होता. 'महोदया,' वजनकाट्यानं लिहिलं होतं, 'आपले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. तीन दिवस पाहिले. काही मुद्दे नोंदवतो. ताज्या छायाचित्रावर दाब पडल्यास छोटे, चंद्रकोरीसारखे व्रण उमटतात. असा एक व्रण आपल्या छायाचित्रात खरोखर आहे, पण तो स्त्रीच्या कोपराजवळ असून नखाएवढा आहे. निळसर भाग मात्र डाव्या कडेपासून सुरू होऊन आत येतो व त्याची सीमा एका लांब, तिरप्या वळणाची आहे. अंगठ्याने असे होत नाही. फिल्म बनवणाऱ्यांचे जुने माहितीपत्रक मला मिळाले आहे, दुवा जोडला आहे. त्यानुसार तेरा अंशांपेक्षा कमी तापमानात छायाचित्र फिके व निळसर येते. म्हणून थंडीत ते पहिली काही मिनिटे उबेत ठेवावे, असे म्हटले आहे. जानेवारी महिना आपण स्वतःच नोंदवला आहे. माझा कयास असा की या छायाचित्राचा उजवा भाग उबेत होता आणि डावा बाहेर. ते कुठे ठेवले होते, हे आपल्याला आठवते काय?' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, 'स्त्रीच्या हाताची चार बोटे मुलीच्या खांद्यावर आहेत. ती उबेच्या भागात असल्याने पूर्ण रंगात आली आहेत. मधल्या बोटावर पिठासारखे काहीतरी पांढरे आहे. हे लेखासाठी नाही, दिसले म्हणून लिहिले.'

सरितानं पर्समधून फोटो आणि ड्रॉवरमधून भिंग काढलं. खरंच होतं. मेंदी रंगाच्या स्वेटरवर चार बोटं, सावळी, आखूड नखांची, आणि मधल्या बोटाच्या पेरावर पांढरी रेघ. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आत्यानं निघताना घरापुरत्या भाकरी थापल्या असणार. चौतीस वर्षं सरितानं या फोटोकडं पाहायचं म्हणजे डागाकडं पाहिलं होतं, पाहून लगेच नजर काढून घेतली होती, आणि आत्या तिकडं नव्हतीच. आत्या इकडं होती, तिच्या खांद्यावर, चांगली रंगात. ते तिला एका परक्या, खडूस माणसानं दाखवावं. घरातल्या कुणीही, तिनंही, या फोटोकडं इतका वेळ पाहिलं नव्हतं. पाहिलं ते त्यानं, ज्याला तो पानावर नको होता. तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी एकदम इतकी कृतज्ञता दाटून आली की एक मुलगा पुस्तक घ्यायला समोर येऊन उभा राहिला, त्याला तिनं दोनदा 'बस बेटा' म्हटलं.

पण घरी जाताना, रिक्षात, तिला भीती वाटायला लागली. अंगठा नसेल तर? अंगठा नव्हताच असं ठरलं, तर मग पुढचं सगळं कशासाठी होतं? पेला दोन्ही हातांनी धरणं, पहिले नंबर, आत्याचे पाय चेपणं, तिचं हागणं-मुतणं काढणं, हे सगळं आपण त्या डागाची भरपाई म्हणून करतो असं ती समजून चालली होती, आणि त्यात तिला एक प्रकारचा आधारही होता. अपराध्याला निदान आपली जागा ठाऊक असते. तो आधार काढून घेतला तर उरतं काय? क्रांती चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली, बाजूच्या स्कूटरवरच्या बाईनं पुढं उभ्या पोराची टोपी नीट केली, आणि सरिताला उरलेलं दिसलं. आत्या तिला आवडायची, एवढंच होतं. भाकरी थापताना गुणगुणणारी, शिव्या देणारी, कामगारांच्या डब्यात न सांगता जास्तीची चटणी टाकणारी ती बाई तिला फार फार आवडायची, आणि आवडते हे सरळ कबूल करायची हिंमत नव्हती म्हणून तिनं त्याला अपराधाचं नाव दिलं होतं. परत धाडतील या भीतीत वाढलेल्या पोराला प्रेम करायलाही कारण लागतं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओचा आवाज कमी केला. सरिता खुशाल रडत होती.

तरी प्रश्न उरलाच होता: फोटो होता कुठं? त्या सकाळचा साक्षीदार आता एकच. रविवारी ती सिटी बसनं बजाजनगरला शिवराजकडं गेली. खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या जागी शिवराजनं वर एक मजला चढवला होता आणि तो स्वतः कंपनीतून पाच-सहा वर्षांत निवृत्त व्हायचा होता. वहिनी आत भाकरी टाकत होत्या. शिवराज ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. सरितानं आडवळण घेतलं नाही.

"दादा, त्या मकबऱ्याच्या फोटोचं तुला काही आठवतं का?"

"न आठवायला काय झालं?" शिवराज म्हणाला. "लई थंडी होती. तू दात वाजवीत होतीस. आईनं तुला उन्हाला बसवलं."

"आणि फोटो? निघाल्यावर तिनं तो कुठं ठेवला?"

"बगलंत."

"कुठं?"

"बगलंत गं, पदराखाली. त्यो फोटोवालाच सांगायचा ना थंडीत समद्या बायांना. 'बाजी, बगल में दबाव, पाँच मिनट. ठंडी में रंग नै आता.' आईला आधी लाज वाटली. मंग घेतला, पर निम्माच. त्यो म्हणला, 'पूरा अंदर लेव, आधा नक्को.' आई म्हणली, मोडला म्हंजी? चुरगळला म्हंजी? तिला वाटलं पापडावानी तुटंल. तवा कुठं दोन सावल्या उमटाया लागल्या हुत्या, एक मोठी अन् एक ल्हानी. आईनं ल्हानी आत घातली अन् मोठी भाईर ठिवली." शिवराजनं एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "त्यो हसाया लागला. म्हणला, 'बाजी, तुमारा मूं नीला हो जाएगा.' आई म्हणली, होऊ दे. माझं तोंड कुणाला बघायचंय? पोरगी नवी हाय, आधी तिला रंग येऊ दे."

शेंगदाणे सरिताच्या हातात तसेच राहिले. मग तिनं शिवराजला अंगठ्याचं सांगितलं, पहिल्यापासून, मनकर्णाबाईच्या वाक्यापासून. सांगताना तिला जाणवलं की ही एवढी मोठी गोष्ट सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शिवराज आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"येडी का काय तू?" तो म्हणाला. "अंगठ्यानं कुठं माणूस पुसतं? अन् तुला परत कोण धाडणार हुतं? सोयगावहून तुझा बाप दोनदा न्यायला आल्ता. आईनं आत येऊ दिला नाय."

हेही तिला ठाऊक नव्हतं. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" शिवराज खरोखर गोंधळून म्हणाला. "तू घरचीच हुतीस."

निघताना उंबऱ्यात तिच्या तोंडून "दादा, तुझे आभार" असं निघून गेलं आणि शिवराजचं तोंड लगेच उतरलं. "आभार मानाया मी काय पाव्हना हाय व्हय? भाकर बांधून दिलीय वहिनीनं, ती घे अन् गप जा." बसमधे बसल्यावर सरिताला आठवलं, नोकरीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तिनं आत्याला असंच काहीतरी म्हटलं होतं, तुझे उपकार, असं. आत्या संध्याकाळभर तिच्याशी बोलली नव्हती. झोपायच्या आधी म्हणाली होती, "उपकार परक्यावर करत्यात." आपल्याकडं घरच्या माणसाला धन्यवाद म्हणत नाहीत. म्हटलं तर ते त्याला घराबाहेर काढल्यासारखं होतं. म्हणून आत्या गेली तरी तो शब्द सरिताच्या जवळच राहिला होता, न वापरलेला, आणि देणार तरी कुणाला.

सोमवारी सकाळी तिनं ती अंगठ्याची ओळ स्वतःच्या हातानं काढली. त्या जागी लिहिलं: 'पारूबाई यांनी थंडीत अर्धे बगलेत व अर्धे बाहेर धरलेले इन्स्टंट छायाचित्र.' चर्चापानावर शिवराजनं सांगितलेलं सगळं लिहिलं, लहान सावली, मोठी सावली, पोरगी नवी आहे, आणि खाली लिहिलं की पारूबाई माझी आत्या, तिनं मला वाढवलं. हेही नियमात बसणार नाही हे तिला लिहितानाच ठाऊक होतं. तासाभरात वजनकाट्यानं ओळ बदलली होती. आता फोटोखाली होतं: 'थंडीत अर्धवट उमटलेले इन्स्टंट छायाचित्र. ऊब मिळालेल्या भागात रंग पूर्ण आले आहेत.' पुढं त्या माहितीपत्रकाच्या तळटीपेचा आकडा जोडलेला. बदलाचं कारण: 'बंधूंची आठवण हा स्रोत नव्हे. नाव काढले, व्यक्ती उल्लेखनीय नाही.' सरितानं शेवटचं पुटपुटून पाहिलं. व्यक्ती उल्लेखनीय नाही. भांडायला तिची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण चर्चापानावर तिच्या मजकुराखाली त्याचं आणखी थोडं होतं. 'महोदया, लेखात नाव ठेवता येत नाही, माझा नाइलाज आहे. चर्चापानावरचे मात्र कोणी काढत नाही, काढू लागल्यास मी परतवीन. पारूबाईंनी योग्य भाग आत ठेवला, असे माझे व्यक्तिगत मत आहे.'

सरितानं ती फोटोखालची ओळ पुन्हा वाचली. ऊब मिळालेल्या भागात रंग पूर्ण आले आहेत. त्यात तिचं नाव नव्हतं, आत्याचं नव्हतं, बजाजनगर नव्हतं, खानावळ नव्हती, आणि तरी तिच्या आयुष्याबद्दल कुणी लिहिलेलं एवढं खरं वाक्य तिनं कुठं वाचलं नव्हतं. वर त्याला संदर्भही होता. पोरं यायला लागली होती, दाराशी चपलांचा आवाज होत होता, कुणीतरी पंखा लावला. तिनं लेखाच्या इतिहासाचं पान उघडलं. तिथं प्रत्येक बदलासमोर, तो करणाऱ्याला एका टिचकीत धन्यवाद पाठवायची सोय असते. कार्यशाळेत दाखवली होती, तिनं कधी वापरली नव्हती. वजनकाट्याच्या शेवटच्या बदलासमोर, ज्यात त्यानं आत्याचं नाव काढलं होतं, तिनं टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला: या संपादनाबद्दल जाहीर धन्यवाद द्यायचे का? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एकदा दिलेले धन्यवाद मागे घेता येत नाहीत. सरितानं ते दोनदा वाचलं आणि 'हो' दाबलं.